रविवारीही पेशींना सुट्टी नसते

पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र असो की खारघरचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र, पीएचडीच्या विद्यार्थ्याला सणासुदीलाही प्रयोगशाळा गाठावी लागते. ३७ अंशांच्या इनक्युबेटरमध्ये वाढणाऱ्या पेशींचे गुलाबी पोषक माध्यम दर दोन-तीन दिवसांनी बदलावेच लागते. निर्जंतुक हूडखाली हात जरा चुकला, बुरशी शिरली, की आठवड्यांची मेहनत पाण्यात!

या मेहनतीचा मोबदलाही झगडूनच मिळतो. देशभरातील संशोधकांनी आंदोलने केली, तेव्हा कुठे कनिष्ठ संशोधकांची फेलोशिप जानेवारी २०२३पासून ३१ हजारांवरून ३७ हजार रुपये झाली. पण ती दरमहा हातात पडेलच असे नाही. अनेकांचे पैसे महिनोन्महिने अडकतात. मग मेसचे बिल थकते आणि तिशीला टेकलेल्या संशोधकाला घरी हात पसरावा लागतो. हे संतापजनक आहे.

कर्करोगावर, क्षयावर देशी संशोधन हवे असेल, तर फेलोशिपही पगारासारखीच ठरल्या तारखेला जमा झाली पाहिजे. या अंकात असे तरुण संशोधक आपले काम स्वतःच्या शब्दांत मांडत आहेत.