'अशनी' भारी की 'वॉल्थर'? आधी परवाना कुणाकडे आहे ते विचारा!



सातपूर एमआयडीसीत शिफ्ट सुटली की टपरीवर हल्ली एक नवा विषय रंगतो. कोणतं पिस्तूल भारी? ग्लॉक की बरेटा? सरकारी 'अशनी' चांगली की जुनी जर्मन 'वॉल्थर'? ज्या घरात शस्त्र परवान्याचा साधा अर्जही कधी कुणी पाहिला नाही, त्या घरातला पोरगा मॅगझीनमध्ये किती गोळ्या बसतात हे तोंडपाठ सांगतो. हे ज्ञान येतं रील्समधून आणि परवानाधारक शौकिनांच्या मतांमधून. तेव्हा आधी ही मतंच तपासू.

परवानाधारकांचं म्हणणं थोडक्यात असं. ऑर्डनन्स फॅक्टरीची 'अशनी' स्वस्त पडते, पण गोळी अडकते, ट्रिगर जड लागतो, फिनिशिंग ओबडधोबड असतं. विदेशी वॉल्थर, कोल्ट, ब्राउनिंग म्हणजे लोण्यासारखी चालणारी यंत्रं. काही जण म्हणतात, सेमी-ऑटोमॅटिकच्या भानगडीत पडूच नका, रिव्हॉल्व्हर घ्या, ते दगा देत नाही.

यात थोडं तथ्य आहे. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात एक गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने रिकामं काडतूस बाहेर पडतं आणि मॅगझीनची स्प्रिंग पुढची गोळी वर ढकलते. स्प्रिंग ढिली, काडतूस जुनं किंवा घडण कच्ची असेल तर यंत्र अडतं. पण या मतांमागचा अनुभव किती? परवान्यावर काडतुसांचा कोटा ठरलेला असतो आणि एकेक काडतूस महाग पडतं. बहुतेक पिस्तुलं कपाटात नाहीतर कमरेला असतात. वर्षाकाठी मोजक्या गोळ्या झाडणारा माणूस कोणत्या दर्जाबद्दल बोलतो? बहुतेक वेळा तो ऐकीव गोष्टच पुढे सांगत असतो.

दुसरी गोष्ट किमतीची. १९८० च्या दशकात सरकारने सर्वसामान्य परवानाधारकांसाठी विदेशी शस्त्रांची आयात बंद केली. त्याआधी आलेली जुनी पिस्तुलंच हातोहात फिरत राहिली आणि त्यांचे भाव कित्येक लाखांवर गेले. 'वॉल्थर पीपी' १९२९ सालचं मॉडेल आहे. तिला आज जो भाव मिळतो तो दर्जापेक्षा टंचाईचा जास्त आहे. आणि ज्या ग्लॉकवर आपली पोरं जीव टाकतात, तिची प्रसिद्ध ९ एमएम आवृत्ती आपल्याकडे प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. साध्या नागरिकाला तिचा परवानाच मिळत नाही. म्हणजे वाद कशावर, तर जी वस्तू मिळणारच नाही तिच्यावर!

२०१४ मध्ये कानपूरच्या फॅक्टरीने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचं रिव्हॉल्व्हर काढलं. तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. सातपूरच्या कंपनीत कंत्राटावर राबणाऱ्या आमच्या बहिणीने ते घ्यायचं तर कित्येक महिन्यांचा पगार ओतावा लागेल. रात्रपाळीहून घरी परतताना जिला खरोखर भीती वाटते, तिचा विचार करून ही किंमत ठरली होती का?

आता मूळ प्रश्न. या देशात शस्त्र कुणाच्या हाती असावं हे बाजाराने कधीच ठरवलं नाही. ते जातीने ठरवलं, नंतर इंग्रजांच्या १८७८ च्या कायद्याने ठरवलं आणि आज परवाना देणारा अधिकारी ठरवतो. १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये बाबासाहेबांनी विचारलं होतं की भारतात सामाजिक क्रांती का झाली नाही. त्यांचं उत्तर असं होतं की चातुर्वर्ण्याने खालच्या वर्गांना शस्त्र, शिक्षण आणि सत्ता या तिन्हींपासून तोडलं. ज्या महारांनी १८१८ ला कोरेगावात लढाई लढली, त्यांचीच सैन्यभरती पुढे इंग्रजांनी बंद केली. ती पुन्हा खुली व्हावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांपासून बाबासाहेबांपर्यंत सगळे अर्ज-विनंत्या करत राहिले, तेव्हा कुठे १९४१ ला महार रेजिमेंट उभी राहिली.

पण हेच बाबासाहेब डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत काय म्हणाले तेही वाचा. शस्त्र बाळगणं हा प्रत्येक नागरिकाचा मूलभूत हक्क असावा, अशी दुरुस्ती ह. वि. कामथ यांनी मांडली होती. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. गुन्हेगारालाही हा हक्क द्यायचा का, हा त्यांचा सवाल होता आणि हक्कापेक्षा देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्यावर त्यांचा भर होता. यात विसंगती नाही. जातीने कुणाला निःशस्त्र करू नये आणि शस्त्राच्या जोरावर कुणी कायद्याच्या वर जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच समतेतून येतात.

याच समतेचा एक धागा आपल्या हातात आहे, पण तो फारसा कुणी ओढत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याखालचे १९९५ चे नियम काढा आणि नियम ३ वाचा. अत्याचारप्रवण म्हणून ठरवलेल्या भागात गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रं सरकारजमा करावीत, बेकायदा शस्त्रं जप्त करावीत आणि जीविताच्या व मालमत्तेच्या रक्षणासाठी गरज असेल तर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. हे सगळं कायद्याच्या पुस्तकात आहे. पिस्तुलाच्या ब्रँडवर तासभर बोलणाऱ्या किती जणांनी हा नियम वाचलाय?

कुणी म्हणेल, साहेब, अत्याचार होतो तेव्हा पुस्तक वाचवायला येत नाही. खरं आहे. पण मग पिस्तूल येतं का? २००६ ला खैरलांजीत एका कुटुंबावर जमाव तुटून पडला आणि चार जीव गेले. २०१३ ला सोनईत सफाई कामगार असलेल्या तीन तरुणांना सेप्टिक टँक साफ करायच्या बहाण्याने बोलावून मारलं. जमावापुढे आणि दगाबाजीपुढे कंबरेचं पिस्तूल किती टिकलं असतं? सोनईचा खटला इथे नाशिकच्या कोर्टात चालला आणि २०१८ ला सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली गेली. ते घडलं साक्षीपुराव्याच्या जोरावर.

परवाना मिळत नाही म्हणून जो कट्ट्याकडे वळतो, त्याला तर हात जोडून सांगतो. त्या गावठी पिस्तुलावर 'मेड इन यूएसए' कोरलेलं असतं आणि नळी कधी हातात फुटेल याचा भरवसा नसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना पिस्तूल सापडलं तर किमान दोन वर्षं, बनवलं किंवा विकलं तर किमान सात वर्षं शिक्षा आहे. तुझ्या हातात कट्टा देणारा 'भाई' बाहेरच राहतो, नाशिकरोडच्या जेलमध्ये तू जातोस. तुझी भरती बुडते, पासपोर्ट अडकतो, आईच्या डोळ्याला धार लागते आणि वस्तीवर 'गुन्हेगारांची वस्ती' असा शिक्का बसतो. मनुवाद्यांना याहून स्वस्तात काय हवंय?

म्हणून सातपूरच्या कार्यकर्त्यांसाठी तीन कामं सांगतो. एक, माहिती अधिकारात अर्ज टाका. शहराची माहिती पोलीस आयुक्तांकडे आणि ग्रामीण भागाची जिल्हाधिकाऱ्यांकडे मागा. नियम ३ खाली आजवर अनुसूचित जाती-जमातींच्या किती लोकांना परवाने दिले आणि किती जणांचे परवाने रद्द केले, हे लेखी विचारा. दोन, जिल्हा दक्षता व नियंत्रण समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायलाच हवी. ती होते का, ॲट्रॉसिटीच्या आरोपींकडच्या परवान्यांचा आढावा तिच्यापुढे येतो का, ते तपासा. तीन, ज्या कुटुंबाला खरोखर धोका आहे, त्याचा परवान्याचा आणि पोलीस संरक्षणाचा अर्ज आपण बसून भरून द्या. नाकारला तर कारण लेखी घ्या आणि अपिलात जा.

पिस्तुलाचा दर्जा शौकिनांनी ठरवावा. कायदा कुणाच्या बाजूने वापरला जातो, याचा हिशेब आपण मागायचा आहे. पुढच्या वेळी टपरीवर कुणी विचारलं, 'कोणतं भारी?', तर त्याच्यापुढे नियम ३ ची झेरॉक्स ठेवा.

जय भीम! जय संविधान!