तयार घर म्हणजे पत्र्याचं शेड नव्हे

कारखान्यात खोली तयार करून ट्रकवर घालून आणतात, असे पारावर कोणी सांगितले की पहिला प्रश्न ठरलेला : "म्हणजे पत्र्याचं शेडच ना?" या प्रश्नामागे आपल्या भागाचा अनुभव आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी परिसरातील गावे जमीनदोस्त केली. पक्की घरे मिळेपर्यंत लोकांनी पत्र्याच्या शेडांत दिवस काढले. उन्हाळ्यात आत बसवत नव्हते, पावसात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नव्हते. तयार घर म्हणजे हेच, असे मनात तेव्हापासून बसले. पण तो तात्पुरता निवारा होता. त्याच्यावरून आजच्या तयार घराची पारख करणे बरोबर नाही.

उलट त्या भूकंपाने दुसरीच गोष्ट शिकवली होती. माणसे दगावली ती मुख्यतः दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदाच्या ओझ्याखाली. जाड भिंत म्हणजे मजबूत घर, ही आपली समजूत तिथेच खोटी ठरली. घर जितके जड, तितका भूकंपाचा हिसका मोठा. नऊ इंची विटेच्या भिंतीचे वजन चौरस मीटरला ४०० किलोच्या वर भरते. दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या दोन इंची पॅनेलचे १०-१२ किलो. हा फोम उष्णताही अडवतो, त्यामुळे नुसत्या पत्र्याइतके हे घर तापत नाही. मात्र आत साधा थर्मोकोल असेल तर आगीला तो लवकर बळी पडतो. चूल घरात असणाऱ्यांनी भरण कशाचे आहे हे विचारूनच घ्यावे.

आता दुसऱ्या टोकाचा गैरसमज, आणि आमच्या मते हा जास्त महागात पडणारा. विकणारा सांगतो, "हलकं घर आहे, पाया कशाला? चार विटा ठेवा अन् बसवा." काळ्या रानात हे ऐकू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जड इमारत आपल्या वजनाने ती थोडीफार दाबून तरी धरते. हलके घर तिच्याबरोबर वरखाली होते, सांधे उघडतात, दारे अडकतात. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा, नाहीतर जाणत्या इंजिनिअरला विचारून खांबांचा करावा. वाऱ्याचेही तसेच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात रायगड-रत्नागिरीत किती छपरे उडाली ते सर्वांनी पाहिले. हलके घर पायाला बोल्टने घट्ट बांधलेले नसेल, तर तेही उडणारच.

"हलवता येतं, म्हणून परवानगी लागत नाही," हेही बिनबुडाचे. ग्रामपंचायत अधिनियमाचे कलम ५२ घर विटांचे की पॅनेलचे हे पाहत नाही. गावठाणात बांधायचे तर परवानगी घ्यावी आणि नमुना ८ ला नोंद करावी. शेतात स्वतःच्या कुटुंबाला राहायला घर हे जमीन महसूल संहितेच्या 'शेतघरा'त बसते, त्यालाही मर्यादा आहेतच. शहरी पाहुण्यांना भाड्याने द्यायचा बेत असेल तर आधी तहसीलची पायरी चढावी.

आणखी एक साधी गोष्ट. आख्खी खोली साधारण आठ फूट रुंद येते. ती उतरवायला क्रेन लागते. आपल्या बोळातून बैलगाडी जेमतेम वळते! अशा ठिकाणी सुटे पॅनेल आणून जागेवर जोडलेलेच बरे.

स्वस्ताईचे म्हणाल तर पाया, वाहतूक, क्रेन, वायरिंग धरल्याशिवाय हिशेब करू नये. वाचतो तो मुख्यतः वेळ. घरकुलाच्या लाभार्थ्याला मात्र त्याचा फायदा घेता येत नाही. प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागात १ लाख २० हजार रुपये मिळतात, तेही हप्त्या-हप्त्याने, बांधकामाच्या टप्प्यांचे फोटो चढल्यावर. कारखानदार माल निघण्याआधीच बहुतेक रक्कम मागतो. चौथऱ्यावरून एकदम छतावर जाणाऱ्या घराचे मधले फोटो आणायचे कुठून? अशा घरांसाठी टप्पे वेगळे ठरवून देण्याची मागणी पंचायत समित्यांनी जिल्हा परिषदेमार्फत वर पाठवावी. खरिपाच्या तोंडावर अर्धवट भिंतींत राहणारी कुटुंबे प्रत्येक तालुक्यात आहेत.