चालणाऱ्यांसाठी एक पडवी हवी

पनवेलहून पळस्पे, शेडुंग, चौक, खालापूर करीत खोपोलीला जाणारा रस्ता म्हणजे नुसता डांबराचा पट्टा नव्हे. बोरघाटातला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला. त्याच्या आधीपासून माणसे आणि लमाणी बैल याच बाजूने घाट चढत होते. घाटाच्या पायथ्याशी खोपोलीत नाना फडणवीसांनी बांधलेला तलाव आणि महादेवाचे मंदिर आजही उभे आहे. चढणीआधी माणसाला नि जनावराला पाणी लागते, घटकाभर टेकायला जागा लागते, ही साधी गोष्ट त्या काळच्या कारभाऱ्यांना कळत होती.

२००२ साली द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि घाईची वाहने तिकडे वळली. पायी चालणाऱ्याला मात्र त्या मार्गावर मज्जाव आहे. म्हणून कार्तिकीला आळंदीस निघालेल्या कोकणातल्या दिंड्या, चैत्रात कार्ल्याच्या एकवीरा आईकडे जाणाऱ्या आगरी-कोळी बांधवांच्या पालख्या जुन्याच रस्त्याने चालतात. गावकरी त्यांना चहा देतात, जेवू घालतात. त्यात आपली गावे कधी मागे राहिली नाहीत. पण तो मांडव एका दिवसाचा. पालखी गेली की मांडव सुटला. मागून येणाऱ्या एकट्यादुकट्या वाटसरूने बसावे कुठे? बाईमाणसाने आडोसा शोधावा कुठे?

याबाबत जपानचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. तिथे एदो म्हणजे आजचे टोकियो ते क्योतो असा तोकाइदो नावाचा जुना राजरस्ता होता. त्या वाटेवर हाकोने हा डोंगराळ घाट लागतो. घाटात जुन्या दगडी फरसबंदीचे तुकडे अजून शाबूत आहेत. तिथेच ‘अमाझाके चाया’ नावाचे गवताने शाकारलेले विश्रांतीघर सुमारे चारशे वर्षे वाटसरूंची सेवा करीत आले आहे. एकाच घराण्याची तेरावी पिढी ते चालवते. आजही लोक हौसेने तो जुना घाट पायी चढतात आणि तिथे टेकतात.

आता शेतकरी बंधूंनी लक्ष द्यावे असा मुद्दा. त्या घराची ओळख ज्या पेयावर आहे, ते अमाझाके तांदळाचे असते. शिजवलेल्या भाताला एका विशिष्ट बुरशीचे विरजण लावून तो काही तास उबेत ठेवतात. भातातल्या पिठुळाची साखर होते. वरून साखर न घालता गोड लागणारे, नशा न आणणारे पेय तयार होते. जोडीला चिकट तांदूळ कुटून केलेले, भाजलेले गोळे. म्हणजे मुख्य माल काय, तर तांदूळ!

तांदूळ आपल्याकडे काय कमी आहे? कर्जतच्या संशोधन केंद्राने दिलेले वाण आपल्या खाचरांत आहेत. एक क्विंटल भात भरडले की साधारण ६५ किलो तांदूळ मिळतो. किलोभर पिठाच्या दहा-बारा भाकऱ्या होतात. भात व्यापाऱ्याच्या काट्यावर घातले तर काय हातात पडते आणि त्याचीच भाकरी, आंबोळी, पेज, पोहे करून विकले तर काय उरते, हा हिशेब घरोघरी एकदा मांडून बघा. जळण आणि मजुरी धरूनच मांडा, म्हणजे फसगत होणार नाही. शिवाय भात कापणीनंतर कार्तिकी येते, नवा तांदूळ घरात असतो. चैत्राच्या उन्हात कोकम सरबताला कोण नाही म्हणेल?

सरपंच म्हणतील, पैसा कुठून आणायचा? पण इथे हॉटेल बांधायचे नाही. गावठाणाच्या जागेत, रस्त्याच्या हद्दीपासून लांब, पत्र्याची का होईना एक प्रशस्त पडवी, पिण्याचे पाणी, बायकांसाठी वेगळे शौचालय आणि एक चूल एवढेच हवे. चूल महिला बचत गटाकडे द्यावी. गटाने अन्न व औषध प्रशासनाकडे रीतसर नोंदणी करावी. पाणी फुकट, बसणे फुकट, खाण्याचे पैसे, असा नियम भिंतीवर लिहून टाकावा. वारकऱ्यांना जेवण द्यायचे तर ते गावाने द्यावे, गटाच्या भांडवलातून नको. पहिल्या वर्षी सगळ्या गावांनी उड्या घेऊ नयेत. एका गावाने करून दाखवावे, बाकीच्यांनी बघून ठरवावे.

रस्त्यालगतच्या जमिनींना आज गिऱ्हाईक भरपूर आहे. जमीन एकदाच विकता येते, भाकरी रोज विकता येते. गावाच्या मालकीचे दोन गुंठे वाटसरूंसाठी राखून ठेवायचे असतील तर ते आत्ताच राखले पाहिजेत. उद्या तिथे कुंपण पडलेले असेल.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत हा विषय घ्यावा. ग्रामसेवकांनी तो विकास आराखड्यात टाकावा. म्हणजे त्यापुढच्या कार्तिकीला वाटसरू येईल तेव्हा त्याला टेकायला सावली असेल आणि त्याच्या पानात आपल्याच शिवारातला तांदूळ असेल.