काच फुंकणाऱ्या हाताला गुण किती?

प्रति,
महासंचालक, वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय: राष्ट्रीय प्रयोगशाळांतील तंत्रज्ञांची भरती

सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत वैज्ञानिक व तांत्रिक नोकरीच्या मुख्य वाटा तीन. दहावीनंतर आयटीआय केलेला उमेदवार गट 2 मध्ये तंत्रज्ञ म्हणून लागतो, डिप्लोमा किंवा बीएस्सी झालेला गट 3 मध्ये तांत्रिक सहायक म्हणून. गट 4 वैज्ञानिकांचा. तिथे बहुधा पीएचडी लागते. वरची जागा रिकामी होण्याची वाट न पाहता, ठरावीक वर्षांनी मूल्यमापन होऊन बढती मिळते. इतर सरकारी खात्यांच्या मानाने ही रीत उदारच म्हणायची. अडचण दारातच आहे.

पुण्यात पाषाण रस्त्यावर 3 जानेवारी 1950 रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते उद्घाटन झालेली राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा उत्प्रेरकांसाठी आणि 1990 मध्ये ऊतिसंवर्धनात फुलवलेल्या बांबूसाठी ओळखली जाते. अशा शोधांवर वैज्ञानिकांची नावे असतात, आणि ते योग्यच आहे. पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत संशोधकाला हवी तशी निर्वात नळी बाजारात तयार मिळत नाही. तो कागदावर आकृती काढून काचकाम विभागात जातो. तिथला कारागीर बोरोसिलिकेटची नळी ऑक्सिजनच्या ज्योतीवर सतत फिरवत ठेवतो. फिरवणे चुकले की मऊ काच एका अंगाला ओघळते. तापलेल्या काचेतल्या सोडियमची पिवळी झगमग डोळ्यांना जोडच दिसू देत नाही, म्हणून खास डिडिमियम काचांचा चष्मा लागतो. जोड झाल्यावर वस्तू सुमारे 560 अंश सेल्सिअसच्या भट्टीत ठेवून सावकाश निववावी लागते, नाहीतर आतला ताण पुढे कधीतरी तडा देतो. एनएमआर यंत्राचीही तीच कथा: चुंबक उणे 269 अंशांच्या द्रव हेलियमवर जगतो आणि त्याची पातळी कुणीतरी सुट्टीच्या दिवशीही बघावी लागते.

आता भरती पाहावी. तंत्रज्ञांच्या जाहिरातींत ट्रेड टेस्ट असते, पण ती केवळ पात्रतेपुरती. गुणवत्ता यादी लागते बहुपर्यायी लेखी परीक्षेवर, आणि तिच्यात विषयाबरोबर सामान्यज्ञान व इंग्रजीचेही गुण धरले जातात. म्हणजे उत्तम जोड देणारा आणि जेमतेम पास झालेला हे दोघे हातकामात सारखेच ठरतात. फरक पडतो तो राजधान्या पाठ असण्याने. गैरप्रकार टाळण्यासाठी ही पद्धत आली, हे मान्य. मात्र तयार वस्तू क्रमांक घालून, नाव झाकून दुसऱ्या प्रयोगशाळेच्या परीक्षकांकडे तपासायला पाठवता येते. असे गुण यादीत धरायला हरकत नसावी.

दुसरी मागणी मुदतीची. साठाव्या वर्षी कारागीर निवृत्त होतो आणि पद रिकामे झाल्यावर भरती सुरू झाली, तर नव्या माणसाला शिकवायला विभागात कुणी उरत नाही. निवृत्तीची तारीख आस्थापना शाखेला नोकरीच्या पहिल्या दिवसापासून ठाऊक असते. काचकाम, निर्वात यंत्रणा आणि उपकरण दुरुस्ती एवढ्या तीन शाखांत तरी उत्तराधिकारी निदान वर्षभर आधी रुजू व्हावा आणि तेवढ्या काळापुरते जादा पद मंजूर व्हावे.

कळावे.