पथ्य एकाचे, ताट सर्वांचे

दिवाळी अंकात पथ्याचा विषय काढणे म्हणजे चकलीच्या डब्याशेजारी वजनकाटा ठेवण्यासारखे आहे, याची मला कल्पना आहे. तरीही यंदा सदरासाठी हाच विषय घेतला. मंडळाच्या कार्यक्रमात जेवणाच्या रांगेत उभे राहिले की हल्ली तेच कानावर येते. कोणाची साखर वाढलेली, कोणाचे कोलेस्टेरॉल, कोणाचा भात बंद. उपायही बहुतेक घरांत एकच असतो. ज्याचा रिपोर्ट बिघडला त्याचे जेवण वेगळे, बाकीच्यांचे चालू आहे तसेच.

आमच्या घरी ही वेळ फेब्रुवारीत आली. नवऱ्याची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२ निघाली. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा आणि ६.५ पासून मधुमेह. त्याचे वय ३९. नोकरी जबल अलीला, सकाळी साडेसहाला घर सोडतो आणि संध्याकाळी साडेसातला परततो. मुलांची शाळेची बस त्याच्याही आधी येते. वसईहून सासूबाईंनी फोनवर विचारले, "त्याच्यापुरती वेगळी भाजी टाकशील ना गं?" शेजारी बसलेली सात वर्षांची लेक लगेच म्हणाली, "म्हणजे पप्पांना शिक्षा झालीय का?"

एखाद्या मुलाला वेगळ्या बाकावर बसवले की तो सुधारत नाही, फक्त एकटा पडतो, हे शिक्षिका असताना मी पुरेसे पाहिले आहे. त्यामुळे त्याच रात्री ठरले की घरात एकच स्वयंपाक होईल, आणि तो सगळ्यांचा असेल.

दोन आठवड्यांनी राखेचा बुधवार होता. तिथपासून ईस्टरपर्यंत आम्हा ख्रिस्ती मंडळींचा उपवासकाळ, रविवार वगळून ४० दिवसांचा. आम्हा कॅथलिकांत उपवास सक्तीचा असतो तो राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला. शुक्रवारी मांस वर्ज्य. पण तुमच्याकडे जशी 'एकादशी आणि दुप्पट खाशी', तसेच आमच्याकडेही चालते. शुक्रवारी मटण नाही म्हणून पापलेट तळायचे, आणि मटण नाही म्हणूनच प्रत्येकी दोन तुकडे जास्त वाढायचे! शिवाय उपवास हा वजन उतरवण्याचा मार्ग नव्हे. आपण सोडलेले दुसऱ्याच्या ताटात जावे, हा त्याचा अर्थ. म्हणून चौघांनी मिळून एकच गोष्ट सोडली, ती म्हणजे विकतची गोड पेये. त्यांचे वाचलेले दिरहॅम एका डब्यात टाकायचे आणि ईस्टरला गरजूंसाठी चर्चच्या पेटीत घालायचे.

कोलाच्या ३३० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये साधारण ३५ ग्रॅम साखर असते, म्हणजे सात-आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अशी वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, आणि जमल्यास २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगते. इथल्या सरकारने २०१७ मध्ये या पेयांवर ५० टक्के कर लावला, तरी आमच्या फ्रिजमधून कॅन हलले नव्हते. ते हलवले लेकीच्या डब्याने. नाणे टाकल्याचा आवाज तिला फार आवडे आणि बाबा लोकांच्या भाषणापेक्षा तो जास्त उपयोगी पडला. ईस्टरनंतर कॅन परत आणायची आठवण कोणालाच झाली नाही.

दुसरा बदल जेवणाच्या वेळेचा. आमच्याकडे जेवणाआधी प्रार्थना असते. शेवटचा माणूस बसेपर्यंत ती सुरू होत नाही आणि ती होईपर्यंत घास उचलायचा नाही. हा नियम घरात होताच, पण ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा ताट घेऊन टीव्हीसमोर बसण्यात तो मागे पडला होता. आता रात्री आठ वाजता प्रार्थना. फोन फ्रिजवर. मी मराठीची विद्यार्थिनी, त्यामुळे सर्वनामांकडे लक्ष जातेच. प्रभूच्या प्रार्थनेत भाकर मागतात ती 'मला' म्हणून नव्हे, 'आम्हाला' म्हणून, आणि तीही आजच्या दिवसापुरती. लहानपणापासून म्हणत आलेल्या त्या शब्दांत आमच्या घराचे सगळे पथ्य होते.

ताटाचा हिशेबही सोपा ठेवला. अर्धे ताट भाजी आणि कोशिंबीर, पाव ताट डाळ, अंडे किंवा मासळी, उरलेल्यात भात किंवा भाकरी. वसईच्या माणसाला भात सोड म्हणणे अवघड. कमी घे म्हणणे जमते. मासळी तळण्याऐवजी कालवणात किंवा केळीच्या पानात तव्यावर. खारवलेली सुकी मासळी, पापड आणि लोणचे यांतले एका वेळी एकच, कारण दिवसभराचे मीठ ५ ग्रॅमच्या, म्हणजे चहाच्या एका चमच्याच्या, आत हवे. यात नवे काहीच नाही. आमच्या आज्या वसईच्या वाडीत केळी, अळू, शेवगा, वांगी पिकवत आणि तेच शिजवत. मटण सणाला येई.

वेळ कुठून आणायचा? आमचे उत्तर शनिवार दुपार. मुलगा अकरा वर्षांचा आहे, तो गाजर-काकडी चिरतो आणि पाकिटांवरची साखर-मिठाची ओळ मोठ्याने वाचतो. लेक कोथिंबीर निवडते. नवरा मूग भिजवतो आणि आठवड्याची चटणी वाटतो. जे हाताने निवडले ते पोर ताटात टाकत नाही, हा अनुभव. रविवारी मिस्सा आणि मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग झाल्यावर बाहेरची बिर्याणी येत असे, ती आता महिन्यातून एकदा येते आणि चौघे मजेत खातो.

सणांचे काय? नाताळाआधीचे चार रविवार हा आमचा आगमनकाळ, म्हणजे वाट पाहण्याचा काळ. म्हणून कलकल, नेवऱ्या, दोदोल घरात करायचे, पण डबा उघडायचा २४ डिसेंबरच्या रात्री. तुमच्या फराळाच्या ताटाला मात्र नाही म्हणायचे नाही. ते आले की चौघांनी बसायचे, लाडू वाटून खायचा आणि रिकामे ताट परत न पाठवता त्यात फळे ठेवायची.

ऑगस्टच्या तपासणीत नवऱ्याचा आकडा ५.९ आला. उंबरठा अजून ओलांडलेला नाही. डॉक्टर म्हणाले, असेच चालू ठेवा. प्रत्येकाच्या शरीराचे गणित वेगळे असते, तेव्हा औषध आणि पथ्य आपापल्या डॉक्टरांना विचारूनच करा. माझे सांगणे एवढेच की, घरात कोणाचा रिपोर्ट बिघडला तर त्याच्यासाठी वेगळे पातेले चढवू नका. सगळ्यांचेच पातेले बदला. तो त्याच टेबलावर, तेच जेवण, तुमच्यासोबत जेवू दे.

सर्वांना दिवाळीच्या गोड, पण बेताने गोड, शुभेच्छा!