कागदावरील लोहमार्ग

खेळ म्हणजे केवळ वेळ घालविण्याचे साधन, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु काही खेळ खेळणाऱ्यास आपल्या प्रदेशाकडे नव्या दृष्टीने पाहावयास शिकवितात. लोहमार्ग आखण्याचा बैठा खेळ हा त्यांपैकीच एक होय.

या खेळाच्या पटावर एखाद्या देशाचा नकाशा असून त्यावर सर्वत्र ठिपके असतात. खेळाडू रंगीत खडूने ठिपक्यास ठिपका जोडून आपला मार्ग आखतो आणि एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचवून पैसे मिळवितो. १९८२ साली अमेरिकेत निघालेला ‘एम्पायर बिल्डर’ हा अशा खेळांपैकी एक प्रसिद्ध खेळ. त्यात डोंगरातील टप्प्यास सपाटीच्या दुप्पट खर्च येतो; नदी आडवी आली, तर पुलाचा खर्च निराळा.

चिंचणीच्या मुलांनी आपल्या तालुक्याचा नकाशा काढून हा खेळ अवश्य मांडावा. चिंचणी समुद्रकाठी आहे. पण लोहमार्ग पूर्वेकडे बोईसर व वाणगाव या स्थानकांवरून जातो. किनाऱ्यालगत रेघ ओढू लागताच खाड्या आडव्या येतील आणि हातातील पैसे भराभर संपतील. मार्ग सरळ का जात नाही, हे तेव्हा पुस्तकावाचून कळेल.

तथापि या खेळात एक मोठी उणीव आहे. येथे चुकलेली रेघ फडक्याने पुसता येते. भूमीवरील रेघ तशी पुसता येत नाही. १८६३ साली बोरघाटातील लोहमार्ग सुरू झाला; तो बांधताना पटकीने व अपघातांनी हजारो मजूर मृत्युमुखी पडले. अलीकडे मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी पालघर जिल्ह्यातील अनेक कुटुंबांना आपल्या जमिनी द्याव्या लागल्या. पटावरील ठिपका काही बोलत नाही; खऱ्या ठिपक्यावर कोणाची तरी वाडी, विहीर किंवा घर असते.

याचा अर्थ लोहमार्ग नकोत, असा नव्हे. रुळांमुळेच दूरचा बाजार आणि दूरची शाळा जवळ येते. म्हणून या खेळास आणखी एक नियम जोडावा : रेघ ओढण्यापूर्वी त्या ठिपक्यावर कोण राहते, हे खेळाडूने सांगावे, आणि त्याचे म्हणणे ऐकल्यावरच पुढे जावे. असा खेळ कदाचित सावकाश चालेल. परंतु त्यातून उद्याचे शहाणे अभियंते आणि जागरूक नागरिक निर्माण होतील.