कावीळ, ऊन आणि ‘डी’ची पुडी

मागल्या पंधरवड्यात देवगाव रंगारीला अद्रकीच्या सडीवर बैठक होती. बैठक उठल्यावर एका शेतकऱ्याने मला बाजूला घेतले आणि खिशातून ‘डी’ जीवनसत्त्वाची पुडी काढली. त्यांना ‘बी’ प्रकारची कावीळ आहे. “साहेब, याने लिव्हरचा विषाणू मरतो म्हणतात. मग रोजची गोळी बंद केली तर चालंल ना?”

मी कृषी पदविकावाला, डॉक्टर नव्हे. पण हा प्रश्न एकट्याचा नाही, म्हणून विचारपूस करून लिहितो आहे.

ऐकीव गोष्ट अगदीच खोटी नाही. २०११-१२ च्या सुमारास इस्रायल व जपानच्या शास्त्रज्ञांना काचेच्या बशीतल्या यकृताच्या पेशींत, या जीवनसत्त्वामुळे ‘सी’ काविळीच्या विषाणूची वाढ मंदावलेली दिसली. २०१३ साली जर्मनीत असे आढळले, की ‘बी’च्या ज्या रुग्णांत हे जीवनसत्त्व कमी, त्यांच्या रक्तात विषाणू जास्त. पण कुंडीतला प्रयोग शिवारात उतरतोच असे नाही, हे आपणास सांगायला नको. माणसांवरच्या चाचण्यांत तसा भरवशाचा गुण आला नाही.

दुसरे असे, की उन्हाने कातडीत तयार झालेल्या या जीवनसत्त्वावर पहिली प्रक्रिया यकृतातच होते. यकृत बिघडले की ते कमी भरणारच. अद्रकीचा कंद सडला म्हणजे पाने पिवळी पडतात. आपण वरून फेरस फवारत बसलो तर सड थांबते का?

‘बी’ची गोळी मनाने सोडली तर विषाणू उसळतो, यकृत निकामीही होऊ शकते. ‘सी’ तर बहुधा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पुरता बरा होतो. जुलै २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी व औषधे मोफत आहेत. घाटीत चौकशी करा. (गळ्यात माळ घालून कावीळ उतरविणाऱ्यांकडे आधी जाऊ नका, एवढेच म्हणतो.)

कमतरता असेल तर पुडी जरूर घ्या, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर. साठ हजार युनिटची पुडी रोज खायची नसते. रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडावर येते.

त्या गृहस्थांनी गोळी अजून सोडली नव्हती, हे बरे झाले. घरच्यांची तपासणी मात्र राहिली आहे. सुनेचे दिवस भरत आलेत. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत ‘बी’ची लस टोचायची असते, सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते, हे त्यांना कागदावर लिहून दिले.